कस्तुराबाईचा होकार

"भंते, आडवी पडंन मी वाटंत, पर तुमाला वर गावात जाऊ देनार न्हाई!"

कस्तुराबाई दोन्ही हात पसरून वाड्याच्या तोंडाशी उभी होती. तिच्या पाठीमागे गावात चढणारी वाट, पुढ्यात पिवळ्या चिवरातले भंते, आणि भंतेंच्या मागे अख्खा बौद्धवाडा. कुणाच्या तोंडात दातवण, कुणाच्या हातात पाण्याची बादली. कालच्या आषाढी पौर्णिमेला भंते वर्षावासासाठी आले होते. आश्विनी पौर्णिमेपर्यंत त्यांचा मुक्काम इथंच. शिरूरच्या अलीकडे घोडनदीच्या काठी वसलेल्या त्या वाड्यात भिक्खू राहायला येण्याची ही पहिलीच वेळ. लोकांनी पत्र्याची शेड सारवून विहार केला होता, झेंडूचे हार घातले होते, 'बुद्धं सरणं' म्हणताना बायांना रडू आवरलं नव्हतं. आणि आज उजाडल्या उजाडल्या भंते काळं भांडं हातात घेऊन गावात भाकरी मागायला निघाले होते!

"सात वर्सं झाली आमी भाकर मागायची सोडली," कस्तुराबाई म्हणाली. "बाबासाहेबांनी सोडवलं आमाला त्यातनं. आन् आता तुमी आमचे गुरू हून वर भांडं घिऊन जानार? गाव काय म्हनंल? धर्म बदलला, पर खोड न्हाई गेली, आसंच न्हवं?"

बाजूनं कुणीतरी तिचा पदर ओढला. पण बोलली ती सगळ्यांच्या मनातलं. इतरांची फक्त जीभ उचलली नव्हती.

भंते चितगावकडचे. साठी उलटलेली, अंगानं काटकुळे, आणि बोलणं मोडकंतोडकं हिंदी. ते थांबले. रागावले नाहीत आणि समजूत काढायलाही गेले नाहीत.

"माई, भिक्खू माँगता नहीं," ते म्हणाले. "खड़ा रहता है. दिया तो ठीक. नहीं दिया तो भी ठीक."

"तुमाला ठीक आसंल. आमाला न्हाई!"

भंतेंनी मान हलवली आणि सरळ मागे फिरून वाड्यातल्या घरांकडे वळले. पहिलं घर सिंधूबाईचं. ती गडबडीनं आत पळाली आणि वाटीभर भात घेऊन आली. दुसऱ्या घरातून कालवण आलं, तिसऱ्यातून भाकरी. चौथं घर कस्तुराबाईचं. ती पुढे धावत जाऊन स्वतःच्या दारात उभी राहिली.

"आत या भंते. पाट टाकते, ताट वाढते. पाव्हन्यावानी जेवा. पर त्या भांड्यात माझ्या हातनं काय बी पडनार न्हाई."

भंते नजर पायाशी लावून उभे राहिले. चुलीवरचं दूध उतू जायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच वेळ. मग पाचव्या घराकडे गेले. चाल तीच, खांदे तसेच. वाढणाऱ्या दारातून जसे निघाले होते, तसेच ते न वाढणाऱ्या दारातूनही निघाले. भिंतीला टेकून बसलेला कस्तुराबाईचा नवरा, गेनबा, हे सगळं पाहत होता. त्याच्या तोंडातलं दातवण चावायचं राहून गेलं.

आता कस्तुराबाईला एवढा संताप का यावा, हे सांगायला हवं. गेनबा तीस वर्षं गावचा येसकर होता. येसकर म्हणजे वेशीची राखण करायची, साहेब आला की त्याचा घोडा धरायचा, कुणाच्या घरी मयत झालं की दहा कोस पायपीट करून सांगावा न्यायचा. ह्या सगळ्याच्या बदल्यात दिवे लागायच्या वेळेला दारोदार भाकरी. गेनबा गल्लीत घोंगडं पसरायचा आणि हाळी द्यायचा, "भाकर वाढा, मायबाप!" बाया ओट्यावरून, हात लांब करून, वरच्या वर भाकरी टाकायच्या. शिवाशीव नको म्हणून. कधी घोंगड्यावर पडायची, कधी मातीत.

घरी आल्यावर त्या भाकऱ्या निवडायचं काम कस्तुराबाईचं. कुठली भाकर कुठल्या घरची, हे तिला नुसत्या हातानं कळे. जाड काठाची पाटलाच्या थोरल्या सुनेची, करपलेली सोनाराकडची, आणि हातात धरून वाजवावी अशी, तीन दिवसांची वाळकी, ती पोपटरावांच्या घरची. पोपटरावांची आई साखरबाई ताजी भाकर कधी द्यायचीच नाही. ते तुकडे पाण्यात भिजवायचे, वर मिरची ठेचायची. एवढाच तीस वर्षांचा स्वयंपाक. त्यामुळे झालं असं, की चार लेकरांची आई असून कस्तुराबाईला भाकरी थापता येत नव्हती! पीठ घरात असेल तर थापणार ना! बाईमाणसाला भाकर येत नाही, ही लाज तिनं कुणापाशी बोलून दाखवली नव्हती.

मग दीक्षा झाली. वाड्यानं घरोघरचे देव टोपल्यांत भरले आणि घोडनदीवर नेले. खंडोबाचा टाक पाण्यात सोडताना म्हाताऱ्यांचे हात कापत होते. कस्तुराबाईचा कापला नाही. तिनं देवांच्या मागोमाग भाकरीचं घोंगडंही पाण्यात टाकलं. देव लगेच तळाला गेले, घोंगडं मात्र जाईना. भिजून जड झालं आणि तरंगतच राहिलं. शेवटी ती कमरेइतक्या पाण्यात उतरली, त्यावर धोंडे ठेवले आणि ते दिसेनासं होईपर्यंत पायानं दाबून धरलं. तिथंच तिनं ठरवलं, की ह्या घरातलं माणूस ह्यापुढं भाकरीसाठी कुणाच्या दारात उभं राहणार नाही. त्यानंतर वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, नव्या नवरीसारखी, ती सिंधूबाईकडून भाकर थापायला शिकली. पहिली भाकर तव्यावर फुगली तेव्हा तिनं गेनबाला हाक मारून दाखवली होती.

आता दोघं नगर रस्त्याच्या कामावर होती. कारेगावच्या बाजूला खडीचे ढीग पडत. गेनबा फोडायचा, कस्तुराबाई घमेल्यानं वाहायची. कामाची भाकर होती. त्या भाकरीचा तिला इतका अभिमान होता, की दुपारी सोडताना फडकं जरा उघड्यावरच सोडायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं.

त्या दिवशी कामावरून परतताना गेनबा एकदम म्हणाला, "त्यो रिकामा गेला, कस्तुरा."

"कोन?"

"भंते. तू न्हाई म्हनलीस, आन् त्यो गेला. त्याच्या तोंडावरली रेघ बी हालली न्हाई." त्यानं हातोडा दुसऱ्या खांद्यावर घेतला. "मला कुनी न्हाई म्हनलं की मी आतनं मरायचो. आन् वाढलं, की तवा बी मरायचो. तीस वर्सं, रोज. त्या मानसाला ह्यातलं काईच कसं हुत न्हाई गं?"

"त्याला सवं आसंल," कस्तुराबाई म्हणाली. तिनं विषय तिथंच तोडला.

पण गेनबाच्या मनातून तो जाईना. कामावरून आला, की हातपाय धुऊन थेट विहारात. वाड्यातली माणसं प्रवचन ऐकायला जात. गेनबा मात्र, भंते गप्प बसलेले असायचे तेव्हा जाऊन बसायचा. दोघंही मुके. कस्तुराबाई चेष्टा करायची, "काय बोलनं झालं आज तुमचं दोघांचं?" गेनबा हसायचा. तीस वर्षं ओरडून ओरडून बसलेला त्याचा आवाज दिवसेंदिवस कमीच ऐकू येऊ लागला.

भाद्रपदाच्या अखेरीस भंतेंनी सांगितलं, की ज्यांची इच्छा असेल त्यांनी दहा दिवस श्रामणेर व्हावं. मुंडण करायचं, चिवर घालायचं, दुपारनंतर जेवायचं नाही, आणि सकाळी भांडं घेऊन भिक्षेला जायचं. वाड्यातली दोन तरुण पोरं तयार झाली. तिसरं नाव गेनबाचं.

कस्तुराबाईनं घर डोक्यावर घेतलं. दौंडला निरोप धाडून मुलाला बोलावून घेतलं. जयसिंग रेल्वेत पॉइंट्समन होता, रुळांचे सांधे बदलायचा. खाकी कपड्यांवरच एस.टी.तून उतरला आणि चहासुद्धा न घेता बापासमोर उभा राहिला.

"आबा, माझ्या लाईनीत बामन हाय, खिरिस्ती हाय, मुसलमान हाय. समदी येका नळावर पानी भरतो. मला कोन येसकराचा पोरगा म्हनत न्हाई, जयसिंग म्हंत्यात. आन् आता मी तिथं सांगू काय? बाप परत भाकर मागतुया?"

"मागायचं न्हाई रं. हुबं ऱ्हायाचं."

"बगनाऱ्याला काय फरक कळतुया त्यातला?"

"न्हाई कळत," गेनबा म्हणाला. "मला बी आजून पुरता कळला न्हाई. म्हनूनच जायचंय."

जयसिंगनं हात टेकले. "आये, तूच बग," म्हणाला, आणि रात्रपाळी चुकायला नको म्हणून संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला.

कस्तुराबाई दुसऱ्या दिवशी विहारात गेली ती भंतेंना चार शब्द सुनवायलाच. पण तिनं तोंड उघडायच्या आत भंतेंनीच विचारलं, "माई, तुम्हारी हाँ है क्या? घरवालों की हाँ के बिना चिवर नहीं मिलता."

ती गडबडली. भांडायला म्हणून कमरेला खोचलेला पदर तसाच राहिला. आपण नाही म्हटलं तर हे थांबतं, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिच्या लग्नात ती सात वर्षांची होती. मामाच्या खांद्यावर झोपली होती, अक्षता अंगावर पडल्या तेव्हा जागी झाली. तिथपासून आजपर्यंत कुठल्याच गोष्टीसाठी तिच्या हो-नाहीवाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. हातात एकदम एवढी सत्ता आल्यावर माणूस जसा बिचकतो, तशी ती बिचकली, आणि म्हणाली, "धाच दिस ना? घ्या धा दिस. पर वाड्यातच फिरायचं."

"भिक्खू घर चुनता नहीं," भंते म्हणाले. "लाइन में जो घर आया, वो आया. ग़रीब का छोड़ना नहीं, अमीर का छोड़ना नहीं."

हे शेवटचं वाक्य तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चिवराचं कापड रंगवायला ती शिरूरच्या बाजारात चांदभाई रंगाऱ्याकडे गेली. चांदभाईनं कापड उलगडून पाहिलं. "कुनाच्या लग्नाचं म्हनायचं?"

"लग्नाचं न्हाई. आमचे मालक फकीर हून ऱ्हायलेत, धा दिस."

चांदभाई हसला नाही. "आमच्यात बी फकीर हायेत बाई," तो म्हणाला. "पर दारात आले की आरडत्यात. न्हाई दिलं तर शिव्या बी घालत्यात. तुमचा कसा?"

"आमचा त्वांडच उगडत न्हाई."

"मंग आवघड काम हाय ते," चांदभाई म्हणाला आणि कापड रंगात बुडवताना हातावर जरा जास्तच जोर दिला, पक्कं बसावं म्हणून.

गेनबाचं डोकं भादरलं, मिशी गेली. केस गेल्यावर त्याच्या डोक्यावरची जखमेची खूण दिसायला लागली. चाळीस वर्षांच्या संसारात कस्तुराबाईनं ती पहिल्यांदा पाहिली. त्याचं नाव आता सुमेध झालं होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही अडचण त्यामुळे उरली नव्हती, तरी ते नवं नाव तिच्या जिभेवर येईना. वाड्यातल्या सगळ्यांबरोबर तिलाही त्याच्या पायाशी वाकावं लागलं. उठताना ती पुटपुटली, "मजा हाय एका मानसाची." तिला वाटलं तो हसेल. तो हसला नाही, पण त्याच्या डोळ्यांत राग-लोभ काही दिसला नाही, आणि तिला उगाचच शरमल्यासारखं झालं.

तीन दिवस वाड्यातच निभावलं. पण चार माणसांची रोजची भिक्षा आणि वाड्यातले पिठाचे डबे, त्यांचा मेळ बसणं शक्य नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी रांग वाड्याबाहेर पडली आणि वर वळली. पुढे भंते, मागे दोन तरुण श्रामणेर, शेवटी गेनबा. कस्तुराबाई शेणानं भरलेले हात तसेच घेऊन मागं धावली. गल्लीच्या कोपऱ्यावर मात्र तिचे पाय जाग्यावर खिळले. ह्या गल्लीत तिनं सात वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

पोपटराव ओट्यावर बसून दाढी करून घेत होते. रांगेतलं शेवटचं माणूस त्यांनी ओळखलं. "आरं, हा तर आपला गेनबा! काय रं, परत आलास व्हय येसकरकीला? घोंगडं कुठं हाय तुजं?"

न्हाव्यानं वस्तरा आवरला. आजूबाजूच्या ओट्यांवरून हसू उठलं.

कस्तुराबाईचं सगळं लक्ष गेनबाच्या पाठीकडे. ती पाठ तिच्या ओळखीची होती. पोपटराव दिसले की ती आपोआप वाकायची. दीक्षा घेतल्यावरसुद्धा, बाजारात नुसता त्यांचा आवाज कानावर पडला तरी त्याचे खांदे पुढे यायचे आणि मग घरी येऊन तो दोन-दोन दिवस स्वतःवरच धुमसत राहायचा. आता वाकंल, ती मनात म्हणाली. ती पाठ वाकली नाही. मुद्दाम ताठही झाली नाही. पुढचे तिघे रिकामेच पुढे सरकल्यावर पोपटरावांच्या दाराशी गेनबा येऊन उभा राहिला आणि त्यानं नजर पायाशी लावली.

आतून साखरबाई आली. सत्तरीची म्हातारी, हातात टोपलीतली भाकर. ती सवयीप्रमाणे ओट्याच्या कडेला आली, हात लांब केला आणि तशीच थांबली. खाली घोंगडं नव्हतं. भांडं गेनबाच्या छातीशी होतं, दोन्ही हातांत धरलेलं. वरून टाकायची सोयच नव्हती.

"आरं, खाली पसर की काय तरी," साखरबाई म्हणाली.

गेनबा बोलला नाही, हलला नाही. गल्लीतलं हसणं कधी थांबलं, ते कुणाला कळलं नाही. साखरबाईनं एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा हातातल्या भाकरीकडे. आत निघून गेली असती तरी चाललं असतं. समोरच्या माणसाचं तिच्यावाचून काही अडलेलं दिसत नव्हतं. बहुधा त्यामुळेच तिला जाता येईना. तिनं भिंतीला हात लावला आणि एक पायरी उतरली. मग दुसरी. मग तिसरी. गेनबाच्या इतक्या जवळ ती जन्मात कधी आली नव्हती. तिनं भाकर भांड्यात ठेवली, टाकली नाही. मग भीत भीत त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

गेनबानं भांड्यावर झाकण ठेवलं आणि पुढच्या दाराशी गेला. ते दार त्याच्या तोंडावर धाडकन लागलं. तिथंही तो तेवढाच वेळ उभा राहिला आणि त्याच चालीनं पुढे गेला.

हा आपला नवरा नव्हे, असं कस्तुराबाईला वाटलं, आणि लगेच वाटलं, की हाच असेल, चाळीस वर्षांत दिसला नव्हता इतकंच. तिचे हात आपोआप जोडले गेले, शेणासकट. आणि त्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं, की इतक्या लांबून, नुसत्या नजरेनं, ती भाकर तीन दिवसांची आहे हे आपण ओळखलं होतं. तिच्या तोंडात ती भिजवलेल्या तुकड्यांची आंबूस चव आली होती. घोंगडं पायानं दाबून बुडवलं होतं तिनं. त्या भाकऱ्या मात्र अजून तिच्याजवळच होत्या. गेनबाच्या जवळ त्या राहिल्या नव्हत्या. ती कोपऱ्यावरच्या दगडावर बसली आणि पोटभर रडली.

दहावा दिवस आश्विनी पौर्णिमेचा. वर्षावास संपला. दुसऱ्या दिवशी पहाटे भंते नगरच्या बाजूला जायचे होते. कस्तुराबाईनं सकाळीच गेनबाचं धोतर धुऊन वाळत घातलं होतं. जयसिंग रजा काढून आला होता. बाप परत येतोय म्हणून त्याचाही जीव भांड्यात पडला होता. दोघं विहारात गेली तेव्हा गेनबा भंतेंच्या शेजारी बसला होता, चिवरातच.

"माई," भंते म्हणाले, "ये आगे चलना चाहता है. मेरे साथ. हमेशा के लिए. तुम्हारी हाँ होगी तो. ना होगी तो अभी चिवर उतारेगा, तुम्हारे साथ घर जाएगा. किसी पे ग़ुस्सा नहीं करेगा."

जयसिंग ताडकन उठला. "आये, न्हाई म्हन! येक शब्द. बास!"

कस्तुराबाईनं त्याला हातानं खाली बसवलं. ती गेनबाकडे वळली. "मला येक सांगा. माझ्यात काय कमी पडलं का?"

"न्हाई."

"पोरानं काय दुखवलं?"

"न्हाई."

"मंग?"

"त्या दिशी साखरबाईची भाकर खाल्ली, कस्तुरा," तो म्हणाला. बाईमाणसाला 'उपासिका' म्हणायचं हे तो विसरला, आणि भंतेंनीही त्याला टोकलं नाही. "कडू लागली न्हाई. ग्वाड बी लागली न्हाई. नुसती भाकर लागली. तीस वर्सं भाकरी खाल्ल्या म्या, पर त्यात भाकर कवा खाल्लीच न्हाई. माजी लाजच चावत हुतो. ती संपली बग त्या दिशी. आता परत हातात हातोडा घिऊन बसाय मी तयार हाय. तू म्हनशील तर आत्ता येतो. पर ह्ये आजून पुढं काय हाय, ते बगावंसं वाटतं."

"आन् माजी लाज?" कस्तुराबाईनं विचारलं. "ती कवा संपायची?"

"ते मला सांगता येत न्हाई," गेनबा म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या, बाहेर सिंधूबाईची कोंबडी ओरडत होती. भंते डोळे मिटून बसले होते. त्यांना घाई नव्हती. कस्तुराबाईला पक्कं ठाऊक होतं, की ती नाही म्हणाली तर हा माणूस उठेल, धोतर नेसेल आणि उद्या खडीच्या ढिगावर तिच्या शेजारी येऊन बसेल. कुरकुर करणार नाही, मनात अढी धरणार नाही. पोपटरावांच्या दारातून निघाला तसाच तो विहारातून निघेल आणि तिच्या दारात येऊन उभा राहील. त्याला हवं म्हणून काही उरलंच नव्हतं. जे होतं ते तिला हवं होतं. त्याचं शेजारी बसणं, त्याचं खोकणं, संध्याकाळी वाटेनं दोघांनी चालणं. एवढंसंच होतं, पण सोडायचं म्हणताच ते छातीवर धोंड्यासारखं बसलं. समोर बसलेल्या, मिशी नसलेल्या त्या तोंडाकडे तिनं पाहिलं. पावसाळ्यात नदीला पाणी भरून येतं तेव्हा काठावर उभं राहून बोलायची इच्छा होत नाही, तसं तिचं झालं.

"व्हय," ती म्हणाली.

भंतेंनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"व्हय म्हनते. जाऊ द्या त्यान्ला."

जयसिंग उठला आणि आईकडे न पाहता बाहेर पडला. दौंडच्या गाडीला अजून दोन तास होते, तरी तो स्टँडवर जाऊन बसला. बाहेर जमलेल्या लोकांनी 'साधु, साधु' म्हटलं. कस्तुराबाई गेनबापुढे तीनदा वाकली. ह्या वेळेला ती काही पुटपुटली नाही.

संध्याकाळी सिंधूबाई हळूच येऊन बसली. वाड्यातल्या बायांनी तिला पुढं घातलं होतं. "कस्तुरा, आता कुकवाचं काय करायचं गं? त्येंचं असं झालं म्हंजी... लावायचं का न्हाई?"

"सकाळी त्वांड धुताना पुसतं, मंग परत लावते मी," कस्तुराबाई म्हणाली. "तसंच. मानूस जित्तं हाय माजं." सिंधूबाईला ते पटलं की नाही कोण जाणे, पण तिनं वाळत घातलेलं धोतर काढून, घडी करून दिलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी भंते आणि गेनबा तांबडं फुटायच्या आधीच निघाले. सगळा वाडा वेशीपर्यंत गेला. कस्तुराबाई गेली नाही. तिनं एकटीपुरत्या दोन भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आणि दोघांच्या दहा दिवसांच्या खाड्यानंतर वेळेवर कामावर हजर झाली. रस्त्याच्या कडेला माणसं ओळीनं उभी होती. इलाही मुकादम वही घेऊन नावं पुकारत होता. सडकेवर नवरा-बायकोला जोडीनंच काम मिळे, नावंही जोडीनंच पुकारली जात.

"गेनबा-कस्तुरा!"

"हाय," कस्तुराबाई म्हणाली.

इलाहीनं मान वर केली. "गेनबा कुठं हाय?"

"गेले ते. भंतेंसंगं. आता यायचे न्हाईत."

ओळीत कुजबुज झाली. इलाही मुकादम वाईट माणूस नव्हता. तो दोन पावलं जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "टाकून गेला व्हय गं तुला? ह्या वयात?"

कस्तुराबाईनं पदर खोचला, घमेलं उचलून कमरेला लावलं.

"न्हाई मुकादम," ती म्हणाली. "इचारून गेले. मी व्हय म्हनलं."

इलाहीनं पेन्सिल वहीवर टेकवली. काही वेळ तो पुढचं नाव पुकारायचंच विसरून गेला.